खऱ्या सहीचा फोटो

परंड्याच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत होतो, तेव्हा समोरच्या भिंतीवर माझी भाची दिसली. खांबाला एका हातानं धरून हवेत आडवी झालेली, दुसरा हात पुढं पळणाऱ्या पोरीच्या पाठीला टेकलेला. खो-खोची स्पर्धा, धाराशिवचं मैदान. खाली निळ्या शाईत सही होती, रोहिणी. मालक कौतुकानं म्हणाला, "ओरिजिनल सही हाय, कंडक्टर. कळंबहून आणलाय. आता मिळणं मुश्किल, पोरगी वारली ना."

एसटीत सुट्ट्या पैशांवरून भांडण्यात माझी उमर गेली, पण त्या दिवशी मालकाशी न भांडता मी ती सही पुन्हा पुन्हा वाचली. कारण रोहिणीच्या सहीचा फोटो जगात एकच होता, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीकडं, केशरअक्काकडं होता. मी गुपचूप मोबाइलवर त्या भिंतीचा फोटो काढला आणि चहा तसाच टाकून उठलो.

हा फोटो कळंबच्या सिद्धलिंग फोटोवाल्यानं काढलेला. कुणी बोलावलं नव्हतं, आपल्या हौसेनं मैदानावर गेला होता तो. एक प्रत त्यानं रोहिणीला फुकट दिली. घरी येऊन पोरीनं शाईच्या पेनानं वर 'आईला' लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. "आई, पैली सही तुला. मग दुनियेला," म्हणाली. दुनियेची पाळी यायच्या आतच बिनलाइटच्या उसाच्या ट्रॉलीवर तिची स्कुटी धडकली. बाप तर आधीच गेलेला. एवढ्याशा घरात अक्का एकटी उरली आणि तो फोटो उरला.

पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला मोठा फोटो पाहिजे म्हणून अक्कानं तोच सिद्धलिंगकडं दिला. मोठा झाला, जुनाही परत मिळाला. आणि मधल्या वेळात या पठ्ठ्यानं कॉम्प्युटरवर 'आईला' तेवढं पुसून टाकलं, आणि सहीसकट प्रती छापून विकायला मांडल्या.

अक्काला मी सांगणार नव्हतो. पण आमच्याकडं बातमी एसटीच्या आधी पोचते. तिनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "माझं पुसलं व्हय त्यानं?" मला तिच्याकडं बघवेना. मी शब्द देऊन बसलो, "अक्का, कायदा हाय. बंद करतो का न्हाय बघ."

सिद्धलिंगच्या दुकानात मी एकटाच गेलो. भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो, पण तो शांतपणे स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "कंडक्टरसाहेब, फोटो म्या काढलाय. शाळावाले मागत्यात, तालीमवाले मागत्यात. पोरीचं नावच होतंय की."

"आन् सही? ती बी तूच केली काय?"

"सहीबिगर कोन घेतंय हो?" असं म्हणून तो हसला. मग म्हणाला, "पटत नसंल तर कोर्टात जावा."

गेलो. चोर तो चोर, वर शिरजोर, असं मनात म्हणत अक्काला घेऊन धाराशिवला गेलो. ॲडव्होकेट शिवप्रियाबाई तरुण आहेत, पण ऐकून घेणाऱ्या. अक्कानं पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली, मी मोबाइल दाखवला. बाईंनी बराच वेळ दोन्ही पाहिलं.

"त्याला फोटो काढायला तुम्ही सांगितलं होतं? पैसे दिले होते?"

"न्हाय."

"मग फोटोचा कॉपीराइट त्याचा. तो कितीही प्रती विकू शकतो."

"आन् सही?" मी विचारलं.

"नुसत्या सहीवर कॉपीराइट नसतो, मामा. मुलगी असती तर माझ्या नावाचा धंदा करू नका म्हणून ती भांडू शकली असती. पण माणूस गेला की तो हक्कही जातो, वारसाकडं येत नाही, असंच कोर्टं म्हणत आलीत."

"पर तो खरी सही म्हणून इकतोय!"

"ती फसवणूक आहे. पण फसला कोण? घेणारा. तक्रार त्यानं करायची."

मला त्या हॉटेलवाल्याचा खुशीतला चेहरा आठवला. तो कशाला तक्रार करतोय? अक्काला यातलं कितपत कळलं ठाऊक नाही. तिनं हळूच विचारलं, "म्हंजी माझी फसवनूक झालीच न्हाय?"

बाईंनी फ्रेम अलगद अक्काकडं सरकवली. मग बोलायचं म्हणून बोलल्या, "तुमच्याकडं मूळ तर आहे ना, मावशी. ते जपा." आणि फ्रेमकडं पाहत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मूळच परत दिलंय ना त्यानं? नाहीतर प्रत द्यायची आणि मूळ ठेवून घ्यायचं, असंही करतात."

"वर 'आईला' लिव्हलंय की," मी म्हणालो.

"तशी एक प्रत काढायला काय लागतं?"

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ते एक वाक्य ऐकून अक्कानं फ्रेम उचलली आणि डोळ्यांजवळ धरली.

स्टँडवर कळंबची गाडी लागायची होती. अक्कानं बाकावर फ्रेम उलटी केली, मागच्या खिट्ट्या सरकवल्या आणि काचेतून फोटो बाहेर काढला. उन्हात धरला, तिरपा केला, बोट फिरवलं. "भाऊ, ही खरी हाय का रं?" मी म्हणालो, खरीच आहे. पण मला तरी काय कळत होतं! माझ्या आवाजातला संशय तिनं ऐकला असणार. मी गाडीची चौकशी करायला खिडकीशी गेलो. परत आलो तेव्हा तिनं पदराचं टोक पाण्याच्या बाटलीनं ओलं केलं होतं.

"अक्का!"

उशीर झाला होता. पदर फिरला आणि निळी शाई पसरली. सही खरी होती. अक्का क्षणभर हसली, खरंच हसली. मग काय झालं ते तिला कळलं. शाई थांबवायला तिनं घाईघाईनं कोरड्या पदरानं टिपलं, तशी उरलेली अक्षरंही गेली. वर 'आईला' तेवढं राहिलं, खाली निळा डाग. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पदराच्या टोकाकडंच बघत बसली. मी बाजूला बसलो, आणि आयुष्यात इतका निकामी मी कधीच नव्हतो.

कळंबला उतरल्यावर ती घराकडं वळली नाही, बाजाराच्या रस्त्याला लागली. कुठं निघाली ते मला कळलं. अडवायची हिंमत झाली नाही.

सिद्धलिंग दुकानात नव्हता. त्याची बायको होती, ती आम्हाला ओळखत नव्हती.

"खो-खोवाल्या पोरीचा फोटो हाय का?" अक्कानं विचारलं.

"हाय की." तिनं मागच्या खणातून एक काढून काउंटरवर ठेवला. "ओरिजिनल सही हाय बघा, मावशी. पोरीनं सोताच्या हातानं केलेली."

माझं तोंड उघडलं होतं. अक्कानं माझा हात दाबला. फोटो जवळ ओढून ती सहीवर वाकली.

"पानी लागलं तर जात न्हाय ना?"

"न्हाय मावशी. कायबी करा, ही जात न्हाय."

अक्कानं कमरेची पिशवी सोडून पैसे दिले.