ओलांडलेला ताणा

"गुणाक्का, खळ लई घट झालीया गं. वाईच पाणी घाल," अक्काताई गल्लीच्या त्या टोकावरून ओरडली, तशी गुणाबाई कमरेवर हात ठेवून उठली आणि चुलीवरच्या पातेल्याकडे वळली.

वैशाख सरत आला होता. वडगावच्या विणकर गल्लीत उजाडायच्या आतच ताणा पसरला होता. गुणाबाईच्या दारापासून थेट मारुतीच्या पारापर्यंत, फुली घालून उभ्या केलेल्या बांबूंवर, कमरेइतक्या उंचीवर कापडाच्या उभ्या धाग्यांचं पांढरं सूत ताणलेलं होतं. दोन्ही बाजूंनी गल्लीतले बाप्ये लांबलचक कुंचे घेऊन उभे होते आणि ज्वारीच्या पिठाची खळ सुताला पाजत पुढे-मागे चालत होते. हे काम एकदा सुरू झालं की मधे थांबता येत नाही. खळ ओली असताना हात थांबला तर सूत सुताला चिकटतं, आणि मग त्या ताण्याच्या दोऱ्या वळून बैल बांधावे एवढाच त्याचा उपयोग.

त्यामुळे ज्याच्या घरची पाजणी असेल त्याच्या दारात सगळी गल्ली राबायला यायची. मजुरी कुणी मागत नसे. काम झालं की चिरमुरे, गूळ आणि कपभर चहा, एवढाच रिवाज. हात चालू असताना तोंडंही चालू असायची. कुणाच्या पोराला मिसरूड फुटायच्या आत लष्करात भरती व्हायची घाई झाली, कुणाच्या अंगणातल्या सांडग्यांवर रात्री शेजारच्या शेळीनं ताव मारला, तळ्याचं पाणी किती खाली गेलं, टिळकवाडीतल्या वकिलाच्या बंगल्यात दिवसभर पंखा कसा आपोआप फिरतो, या सगळ्याची रीतसर चौकशी चालू होती. शेळीच्या मालकिणीनं शेळीची बाजू इतकी जोरात मांडली की वकिलालाही जमली नसती.

गुणाबाई मात्र ताण्याकडेच बघत होती. हा ताणा तिच्या नवऱ्याच्या, चौडाप्पाच्या हातचा शेवटचा होता. माघात त्यानं तो लावला, खुंट्यांभोवती फेऱ्या घालत एकेक धागा स्वतः जुळवला, आणि शिमग्याच्या तोंडावर तापानं आडवा झाला तो उठलाच नाही. तेव्हापासून ताण्याचं गुंडाळं आढ्याला टांगलेलं होतं. लढाईमुळे सूत सरकारी कंट्रोलमध्ये गेलं होतं. गल्लीतले निम्मे माग रिकामे पडले होते आणि पुन्हा सूत कधी मिळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

पाजणी झाली की हा ताणा नागोजीच्या मागावर चढायचा होता. नागोजी म्हणजे चौडाप्पाचा धाकटा भाऊ, भिंतीपलीकडेच राहणारा. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्यानं बोलायच्या आधी आपणच ठरवून मोकळा होणारा. "वैनी, तुमी काळजी करू नगा. मी इनतो की," असं त्यानं बाराव्याच्या जेवणातच सांगून टाकलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्यात चूक कुणाला दिसणार? त्या गल्लीत बायका कांड्या भरत, नव्या ताण्याचे धागे जुन्याला सांधत, पाजणीला राबत, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं ते बाप्यानंच. गुणाबाईच्या मनात एकच होतं. हा ताणा चौडाप्पाच्याच मागावर चढावा, त्याच खड्ड्यावर त्याचं कापड व्हावं. पण ते विणणार कोण? म्हणून तिनं ते मनातच ठेवलं होतं.

ती खळीचं पातेलं घेऊन दारात आली आणि पलीकडच्या बोळात घंटा वाजली. देवळातल्या घंटेसारखी नव्हे, सावकाश, चालीवर हलणारी. गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली आणि तितक्याच एकदम गप्प झाली. मग बोळाच्या तोंडातून एक सोंड बाहेर आली. तिच्यामागून एवढं मोठं डोकं आलं की बोळातला उजेडच बंद झाला.

हत्तीण होती. मानेवर माहूत बसला होता आणि पुढे छत्री घेऊन घामाघूम झालेले एक गृहस्थ चालत होते. त्यांचं नाव भुजबली अण्णा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. जैनांच्या श्रुतपंचमीला शास्त्राच्या पोथ्या हत्तीवरून मिरवायच्या म्हणून त्यांनी खालच्या मुलखातल्या एका मठाची हत्तीण मागून घेतली होती आणि तिला घेऊन ते निपाणीच्या वाटेवर होते. तिला तळ्यावर पाणी दाखवावं म्हणून ते जवळच्या वाटेनं निघाले होते. वाट जवळची होती हे खरं. पण तो बोळ विणकर गल्लीला मधोमध कापून समोरच्या बोळात शिरत होता, आणि गल्लीत ताणा पसरला होता.

"अण्णा, हितनं न्हाय जायाचं," नागोजी कुंचा न थांबवता म्हणाला. "ताणा पसरलाय."

"मग जरा बाजूला घ्या की हो."

"वला हाय. आता हलवला तर इस्कटंल. माघारी न्या हत्तीला."

माहुतानं मान हलवली. "बोळात वळायला जागा न्हाय. उलटी चालवली तर दोन्हीकडची कौलं घेऊन जाईल. आन् म्होरं पाण्याचा वास लागलाय तिला. आता ती माझंबी ऐकायची न्हाय."

पसरलेला ताणा ओलांडायचा नाही, हे वडगावातलं रांगतं पोरही जाणतं. वरात आली तर वाजंत्री बंद करून थांबते. मयत असेल तर मागच्या वाटेनं जाते. ओलांडलेला ताणा ज्या मागावर चढेल तो माग मुका होतो, त्याचा खटखटाट कायमचा थांबतो, असं तिथं मानतात, आणि ते खरं की खोटं हे पाहण्यासाठी आजवर कुणी आपला माग दिलेला नव्हता. भुजबली अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "माझीच चूक. विचारून यायला पाहिजे होतं," असं म्हणत ते छत्री उगाचच उघडू-मिटू लागले.

ऊन चढत होतं. कुंचे फिरतच होते, पण सगळ्यांच्या नजरा वर होत्या. हत्तिणीनं अंगाचा भार एका बाजूला टाकला आणि बोळाच्या भिंतीवरून दोन कौलं खाली आली. मग तिनं सोंड लांब केली आणि सोंडेचं टोक सुतावर ठेवलं. खळीला भाकरीच्या पिठाचा वास असतो. आता ही ताणा ओढून तोंडात घालणार, असं वाटून अक्काताईनं डोळे मिटले.

गुणाबाईनं मिटले नाहीत. सोंडेचं ते ओलं टोक सुतावरून हलकेच सरकत गेलं, एकेका धाग्याशी थांबत. थेट तसंच, जसा चौडाप्पा सकाळी दिव्याजवळ ताण्यावरून हात फिरवून तुटका धागा शोधायचा.

"बांबू काढा," ती म्हणाली.

कुणाला कळलंच नाही ती काय म्हणते ते.

"मधले बांबू काढा. ताणा भुईला टेकवा. जाऊ द्या तिला वरनं."

"वैनी, डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?" नागोजीचा कुंचा आता पहिल्यांदा अडखळला. "वलांडलेला ताणा मागावर कोन घील?"

"आन् तुटलेला कोन घेतो, भावजी? हात चालू ठेवा."

असं ती कधी बोलली नव्हती. त्यामुळेच असेल, सगळ्यांनी ऐकलं. बायका घरात धावल्या आणि जे हाताला लागलं ते घेऊन आल्या, वाकळा, सतरंज्या, कुणाचं लुगडं, अक्काताईनं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादर. बोळासमोरच्या धुळीवर ते अंथरलं. दोन्ही टोकांचे दोर थोडे सैल केले, मधले बांबू काढले आणि ताणा अलगद त्या अंथरुणावर उतरला. दोन्हीकडचे कुंचे चालूच होते.

"काय नाव हिचं?" गुणाबाईनं माहुताला विचारलं.

"चंद्री."

हे तर गाईचं नाव. गुणाबाई घरात गेली, पाजणीवाल्यांसाठी ठेवलेली चिरमुऱ्यांची बुट्टी आणि गुळाची ढेप घेऊन ताण्यापलीकडे, समोरच्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. "ये गं बाय," ती म्हणाली. "सावकास ये. त्यांच्या हातचा हाय त्यो."



चंद्रीनं पुढचा एक पाय उचलला. खांबाएवढा तो पाय ताण्याच्या वर आला आणि तिथंच थांबला. गुणाबाईला त्याचा तळवा दिसला, उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखा. त्याच्याखाली चौडाप्पाचं केसासारखं बारीक सूत होतं. पाय हवेतच जरा पुढे सरकला, जागा चाचपली आणि ताणा ओलांडून गुणाबाईच्या बाजूच्या मातीवर टेकला, झोपलेल्या पोराला कुणी खाली ठेवावं इतक्या हळू. मग दुसरा. ते भलंमोठं पोट ताण्यावरून सरकत गेलं आणि त्याची सावली सुतावर पडली. मग मागचा पाय, आणि त्यानंतर शेवटचा. वाकळेची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

गुणाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला कळत नव्हतं. एवढं थोर अंग आणि एवढी जपणूक एका ठिकाणी असते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर चंद्रीचा डोळा होता, बारीक, लांब पापण्यांचा, शांत. तिनं बुट्टी पुढे केली. चिरमुरे, गूळ सगळं गेलं, बुट्टी मात्र परत मिळाली.

"न्हाय तुटला," अक्काताई पुटपुटली. "यव्वा, एकबी धागा न्हाय तुटला." पाराजवळ बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. भुजबली अण्णांनी चपला काढून ताण्याला वळसा घालायला पाराकडची वाट धरली आणि जाता जाता गुणाबाईला वाकून नमस्कार केला. ती लाजून मागे सरली. घंटा वाजत वाजत तळ्याकडे निघून गेली.

बांबू पुन्हा उभे राहिले, ताणा पुन्हा ताणला गेला आणि तो वाळेपर्यंत पाजणी चालली. चिरमुरे हत्तिणीनं खाल्ल्यामुळे नुसत्या चहावर भागलं, पण त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही. शेळीचा विषयही पुन्हा निघाला नाही. ताण्याचं गुंडाळं झालं तेव्हा मात्र सगळे नागोजीकडे बघू लागले.

नागोजी खाली मान घालून कुंचा धूत राहिला. "वैनी, राग मानू नगा," तो शेवटी म्हणाला. "मी बघितलं, देवच आलता म्हना. पर वलांडला त्यो वलांडला. माझ्या मागावर न्हाय घेता यायचा. पोराबाळांचं घर हाय."

"न्हाय हो भावजी. राग कशाचा?"

"दुसरं कुनीबी न्हाय घ्यायचं."

"ठावं हाय मला," गुणाबाई म्हणाली आणि गुंडाळं उचलून घरात आली.

दुपारी गल्ली उन्हानं सुस्तावली होती. दारातल्या मिरच्यांचा खाट नाकात जात होता. चौडाप्पाच्या मागावर त्याच्या शेवटच्या लुगड्याच्या ताण्याची टोकं अजून तशीच लोंबत होती. गुणाबाईनं जमिनीवर बसून सांधणी सुरू केली. हे काम तिनं लग्न होऊन आल्यापासून केलं होतं. बोटांना राख लावायची, जुना धागा आणि नवा धागा एकत्र घेऊन पीळ द्यायचा, पुढचा घ्यायचा. दोन्हीकडचे धागे त्याच्याच हातचे होते, तिचा फक्त पीळ. अक्काताई मधे एकदा दारात येऊन उभी राहिली, आणि मग तिच्यासमोर बसून दुसऱ्या बाजूनं सांधू लागली.

शेवटचा धागा सांधला तेव्हा उन्हं कलली होती. गुणाबाईनं पदर खोचला, मागाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि काठावर बसून खड्ड्यात पाय सोडले. आत गार होतं. पायाखाली माग चालवायच्या लाकडी पावड्या लागल्या. चौडाप्पाच्या पायानं त्यांच्यावर खळगे पडले होते, तिच्या पायाला मोठे होणारे.

"भ्या वाटतंय?" अक्काताईनं हळूच विचारलं.

"व्हय," गुणाबाई म्हणाली.

तिनं उजवा पाय उचलला, क्षणभर तसाच वर धरला, जागा चाचपली, आणि मग अगदी हळू खाली ठेवला.