शिवतेजच्या तोंडाला फासलेला केक

रेश्माचा पहिला केक खाली बसला होता, दुसरा वरून फुगून मधे कच्चा राहिला होता. घरात ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात मीठ तापवून, त्यावर जाळी ठेवून ती केक भाजायची. यावेळी मात्र तिने हट्टच धरला होता. दीर शिवतेज सैन्यात भरती झाल्यापासून त्याचा वाढदिवस कधी घरी झाला नव्हता, आणि आता तो सुट्टीवर आला होता.

शिवाय सासू होती. राहीबाईंचे दात गेले होते. भाकरी दुधात कुस्करून खायच्या. केक मऊ असतो असं कळल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "मला चावंल का गं?"

"आत्या, चावायलाच लागणार नाही," रेश्मा म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

म्हणून तिने मैदा आणि कोको दोनदा चाळून घेतले. अंड्यातलं पांढरं वेगळं काढून, साखर घालत, खांदा भरून येईपर्यंत फेटलं. तो फेस बसू नये म्हणून पीठ त्यात अगदी हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि कुणाला ते उघडू दिलं नाही. केक बाहेर काढून बोटाने दाबला तर तो दबला आणि पुन्हा वर आला. रेश्मा एकटीच हसली.

संध्याकाळी अंगणात शिवतेजचे मित्र जमले. रेश्माचा नवरा नानासो कुपवाडच्या कारखान्यातून लवकर आला होता आणि मोबाईल धरून उभा होता. राहीबाई बशी घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. शिवतेजने सुरी लावली, पहिला तुकडा आईसाठी उचलला, आणि तेवढ्यात त्याच्या मित्राने, कृष्णातने, मागून येऊन अर्धा केक त्याच्या तोंडावर थापला. उरलेला बाकीच्यांनी उचलला. कुणी केसांत घातला, कुणी मानेवर, कुणी शर्टाच्या आत. शिवतेजही हसत होता. क्षणभरात पाटावर नुसता कागद राहिला आणि फरशीवर काळा चिखल.

रेश्मा दारात उभी होती.

राहीबाई उठल्या. लेकाजवळ गेल्या, त्याच्या गालावरचं थोडं बोटाने निपटून जिभेवर ठेवलं.

"लय हलका झाला हुता गं," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं. रेश्माला वाटलं होतं की त्या शब्दांनी आपल्याला बरं वाटेल, पण उलट ती जास्तच पेटली. आईने लेकाच्या तोंडावरून खरवडून खायचं, ही काय रीत झाली? ती पायरी उतरून खाली आली.

कृष्णात म्हणाला, "वैनी, मनावर घेऊ नका. वाढदिवसाला एवढं चालतंच."

"कुणाला चालतं? मला विचारलंत? आत्यांना विचारलंत?" तिचा आवाज चढला नव्हता, पण अंगणभर ऐकू गेला. "तोंडाला फासायला शेणसुद्धा मिळालं असतं. मी दुपारभर राबून केलेलंच का लागलं तुम्हाला?"

नानासोने तिला दबक्या आवाजात आत जायला सांगितलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको, असं त्याचं म्हणणं. रेश्मा आत गेली नाही. अंगण धुतल्याशिवाय कुणालाही ताट वाढणार नाही, असं तिने सांगितलं आणि कोपऱ्यातला खराटा आणून मधे ठेवला.

कुणी हललं नाही. मग शिवतेजने, तोंड तसंच माखलेलं असताना, खराटा उचलला. ते बघून कृष्णातने बादली भरली. सगळ्यांनी मिळून फरशी घासली आणि मान खाली घालून जेवले. कृष्णातने जाताना राहीबाईंच्या पायाला हात लावला. रेश्माकडे मात्र त्याला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिवतेज बाजारातून अंडी आणि कोको घेऊन आला. वैनी, मला शिकव, म्हणाला. रेश्माने त्याच्या हातात भांडं दिलं. थोडा वेळ फेटून तो थांबला की ती भांडं तिरकं करून फेस अजून ओघळतोय हे दाखवायची, आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. बंदूक धरणारा हात शेवटी दुखायला लागला, तेव्हा तो म्हणाला, "काल हे कुणी सांगितलं असतं तर..."

"सांगायला कशाला लागतं, भावजी?" रेश्मा म्हणाली.

तो पुन्हा फेटायला लागला. केक जरा एका बाजूला कलला, पण मऊ झाला. राहीबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.

नानासो कामावरून आला, ते बघून खूश झाला आणि चला, मिटलं एकदाचं, असं म्हणाला. रेश्माने त्याचा मोबाईल मागून घेतला. कालचा व्हिडिओ त्याने स्टेटसला ठेवला होता. त्यात राहीबाई बशी धरून बसलेल्या स्पष्ट दिसत होत्या आणि खाली लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली होती.

"तुमची आई आहे ती," रेश्मा म्हणाली. "यात हसण्यासारखं काय आहे, ते तेवढं मला सांगा."

नानासोने तो व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. मग त्याने व्हिडिओ काढून टाकला आणि आईशेजारी जाऊन बसला. रेश्माने त्याला केक वाढला नाही. त्याने मागितलाही नाही.