कौलाला गेलेली फुकटची पिशवी

मी पिशवी बोलतेय. फुकट मिळालेली. फुकटच्या वस्तूनं गप्प बसावं म्हणतात, पण माझं तोंड आहे मोठं, त्याला मी काय करू!

कापड म्हणावं तर मी कापड नाही, प्लास्टिक म्हणावं तर माझा कारखानदार कबूल होत नाही. माझ्या पोटावर एका इंजिनीअरिंग कॉलेजची इमारत छापली, पुढे उडणारं कारंजं आणि काळा झगा घालून हसणारी मुलगी. तीच मुलगी शेजारच्या गठ्ठ्यातल्या पिशव्यांवर सोफ्याच्या दुकानासाठी हसत होती. तरी माझा तोरा बघा! शिक्षण म्हणाल तर अंगावर छापलंय तेवढंच: ‘उज्ज्वल भविष्याची खात्री’. माझ्या स्वतःच्या बंदाची शिवण उसवलेली, आणि खात्री मी जगाला देत सुटलेली.

रत्नागिरीत एका हॉलमध्ये कॉलेजांचा मेळावा भरला, तिथं आम्हाला वाटायला ठेवलं. आईबाप यायचे, टेबलाला टेकायचे आणि विचारायचे, “पिशव्या संपल्या काय?” शिकवतं कोण, प्रयोगशाळेत काय आहे, पोरांना जमेल का, हे कोणी विचारीना. मला वाटलं, प्रवेश सगळ्यांना माझ्यातच हवाय.

पालीकडच्या एका वाडीतली तुळसा बारावी झालेल्या शमिकाला घेऊन आली होती. तुळसा चौथी शिकलेली, पण आवाज असा की न थांबणारी एसटीसुद्धा थांबते. “दोन दे रे, एक जावेला,” म्हणाली आणि मला काखेत मारलं.

घरी जाताना शमिका म्हणाली, “आये, मला मासळीचं शिकायचंय. तळ्यात मासे वाढवायचे, त्यांची औषधं, सगळं. रत्नागिरीतच शिकवतात.”

“मासे खायला शिकलंस तेवढं पुरे झालं,” तुळसा म्हणाली. विषय संपला.

वाडीची एक खोड आहे. घरात काही ठरवायचं झालं की मुंबईला फोन लावायचा. शमिकाचा बाप केरू मुंबईत कामाला. त्याचा थोरला भाऊ हरिश्चंद्र तर तिथं वीस वर्षं मुरलेला. हरिश्चंद्रानं माझा फोटो मागवला. इमारत बघून म्हणाला, “हेच कॉलेज! बघ काय कारंजा हाय!” केरूचं म्हणणं वेगळं. वाडीतली तिघं दुसऱ्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात गेली होती, पोरीला सोबत होईल म्हणून तिनं तिथंच जावं. दोघा भावांची फोनवर जुंपली. सोमवारी जागा पक्की करायची, नाहीतर गेली. शेवटी ठरलं, देवाला कौल लावायचा.

रविवारी सकाळी मी देवळात. पोटात नारळ, अगरबत्ती. रावजी गुरवानं देवाच्या उजव्या अंगाला पाकळी चिकटवली ती हरिश्चंद्राच्या कॉलेजची, डाव्या अंगाला केरूच्या. जी आधी पडेल तो देवाचा कौल. मग गाऱ्हाणं घातलं, “बा म्हाराजा, तुज्या वाडीची लेक शिकाया निघालीय, तिला वाट दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

मी हळूच अंग फिरवून छापील बाजू देवाकडे केली. म्हटलं, कारंजं दिसू दे त्याला. कौल माझ्याच बाजूनं पडणार अशी मला खात्री. अंगावर छापलेलीच होती ना!

पाकळी हलेना. ना उजवी, ना डावी. म्हाताऱ्यांचे पाय दुखायला लागले. रावजीनं पुन्हा पाणी मारून पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. मग तो नेहमी विचारतात तसं विचारून गेला, “तुळसाबाय, कायतरी ऱ्हायलंय. देवाला काय सांगितला नाय?”

“काय ऱ्हायलाय? दोन्ही कॉलेजांची नावं तर घेतलीस!”

मागून शमिकाचा आवाज आला. “मी ऱ्हायलंय, आये.”

तुळसाचा हात वर गेला, मला वाटलं पोरीच्या गालावर पडतोय. तो पडला तिच्या स्वतःच्या कपाळावर. मग ती देवाकडे वळली आणि म्हणाली, “म्हाराजा, तू ऱ्हा जाग्यावर. आधी मी बघून येते.”

दुपारीच ती शमिकाला आणि मला घेऊन माझ्यावर छापलेल्या कॉलेजात पोचली. कारंज्यात मोटारसायकली लावलेल्या. मला लाजेनं घडी घालून घ्यावंसं वाटलं. तुळसा ऑफिसात गेलीच नाही. मागे वसतिगृहाच्या पोरी कपडे वाळत घालत होत्या, तिथं गेली. “पोरींनो, खरा सांगा. शिकवतात काय?”

पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. “काकी, सर टिकले तर शिकवतील! प्रयोगशाळा पाहुणे आले की उघडते.”

सोमवारी सकाळी मासळीच्या कॉलेजात. तिथं पिशवीबिशवी कोणी देईना. पोरी गमबूट घालून टाकीतल्या पाण्यात उभ्या. तुळसानं विचारलं, “नोकरी लागते काय गो?”

“सगळ्यांना नाही लागत, काकी. परीक्षा द्यावी लागते. पण इथं घासून घेतात.”

“‘सगळ्यांना लागते’ म्हणाली असतीस तर मी उठले असते,” तुळसा म्हणाली. शमिका तोवर टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिला बाहेर काढायला तिघी लागल्या.

संध्याकाळी हरिश्चंद्राचा फोन आला. “मासळीसाठी कॉलेज? लोक काय म्हणतील?”

“दादानू, लोक मासे खातात. इंजिनीअर कोण खात नाय.” फोन ठेवला.

शमिका आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिथं सगळं गोड आहे असं नाही, एका विषयात आपटली, रडली, पुन्हा बसली. पण रडली ती स्वतः निवडलेल्या विषयासाठी.

मी स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला आहे. माझ्यावरच्या मुलीचे दात गेले, इमारत पुसली, ‘खात्री’तला ‘खा’ तेवढा उरलाय. परवा शेजारची नम्रता आली. तिच्या मुलाचा बारावीचा निकाल लागलाय.

“तुळसावैनी, कुठला कॉलेज चांगला गो?”

“कोणासाठी?”

“असा काय विचारतंस? आमच्या स्वरूपसाठी.”

“मग तो कुठाय? एकटीच आलीस ती?”

नम्रता आल्या पावली पोराला आणायला गेली.

आईबापांनो, पोरांनो, मेळाव्यात पिशवी मिळाली तर लाजू नका, घ्या. माझ्यात कांदे चांगले राहतात. पोरं ठेवायची जागा मी नव्हे.