दोनशे सत्तरावा

"हे बघ, पाण्यात बसून चा प्यायलाय!" आश्रुबानं मोबाईल बायकोच्या नाकाला लावला.

सुगंधाबाई भाकरी थापत होती. पिठाचा हात लांब धरून तिनं फोटो पाहिला. महाबळेश्वरच्या कुठल्याशा हॉटेलातल्या निळ्या हौदात अमृत गळ्यापर्यंत बुडालेला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कपबशी.

"मग पिऊ द्या की. तुमच्या पोटात कामून दुखायलंय?"

"कामून म्हंजे? त्याला काय दोन मतं हायत का? त्याचंबी एक अन् माझंबी एकच!"

दुखणं खरंच पोटातलं होतं. ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. व्यंकटरावाचे पाच, समोरच्यांचे चार. शुक्रवारी उपसरपंचाची निवड. पाचांतले तिघं म्हणजे खुद्द व्यंकटराव, त्याची सून आणि त्याचा पुतण्या. चौथा आश्रुबा; वीस वर्षांत व्यंकटरावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पाचवा अमृत. ह्या अमृतनं समोरच्यांच्या ओट्यावर बसून नुसता चहा घेतला आणि दुसऱ्या सकाळी व्यंकटरावाची गाडी त्याच्या दारात हजर. "चला, हवापालट करून येऊ." सून गेली, पुतण्या गेला, पुतण्याचं कुत्रंसुद्धा खिडकीतून तोंड काढून गेलं. आश्रुबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवी भरून रस्त्यावर उभा होता.

"आश्रुबा, तुमी कशाला तरास घेता? तुमी तर घरचेच!" व्यंकटराव काचेतून म्हणाला होता. "अन् बरं झालं भेटलाव. ह्या फारमावर सही ठिवा. नाव मागून भरू."

आश्रुबानं नेहमीसारखी कोऱ्या फॉर्मवर सही ठेवली. गाडी गेली. पिशवी राहिली, फुफाटा राहिला, आश्रुबा राहिला.

दुसरा कुणी असता तर विसरला असता. पण आश्रुबाला दिल्लीचा इतिहास ठाऊक होता. नव्याण्णव सालच्या एप्रिलात तो माळावर शेळ्या राखत होता आणि बाभळीच्या फांदीला रेडिओ टांगलेला होता. बातम्यांत सांगितलं, सरकारच्या बाजूनं दोनशे एकोणसत्तर, विरोधात दोनशे सत्तर. एका मतानं दिल्ली पडली! आश्रुबा पळत गावात आला सांगायला. तेवढ्यात इकडं शेळ्यांनी पाटलाचा कांदा उपटला. मार बसला तो बसलाच, पण नाद लागला. तेरा दिवसांचं सरकार, कुबड्यांवर पाच वर्षं चाललेलं सरकार, दवाखान्यातनं उठवून मताला आणलेले खासदार, सगळं त्याला शेळ्यांच्या वंशावळीसारखं पाठ. एकच कोडं त्याला सुटत नव्हतं. त्या दोनशे सत्तरातला शेवटचा कोण?

शाळेतले गुरुजी म्हणाले होते, "शेवटचा असा कुणी नसतो, आश्रुबा. सगळेच सारखे."

"सगळे सारखे कसे, गुर्जी? एखादा असंलच की, ज्याच्यापायी पडलं!"

त्या न पाहिलेल्या माणसावर तो पंचवीस वर्षं जळत आला होता. आता अमृतवर जळू लागला. अमृतवर जळणं सोपं होतं, त्याचे फोटो येत होते. गुरुवारी अमृत घोड्यावर बसला. हातात स्ट्रॉबेरी.

"दिल्ली असू दे न्हाईतर गल्ली," आश्रुबा ताटावरून उठत म्हणाला, "काठावरच्याला तूप, मधल्याला ताक. मीबी आता काठावर जातो. उद्या मी न्हाईच सापडलो तर चार-चार व्हतेत. मंग बघ, गाडी घिऊन हुडकतेत का न्हाई. कुणी इचारलं तर मन, कालपासून पत्त्या न्हाई. अन् जरा रड."

"मला कापूस येचायला जायचंय. कुणी आलं तर रडंन. आदुगर कशाला?"

शुक्रवारी आश्रुबानं शेळ्या कोंडल्या आणि दहाला वावराशेजारच्या येडबाच्या उसात जाऊन बसला. मोबाईल चालूच ठेवला. वाजलाच नाही, तर न उचलायचा कसा? नऊ वेळा वाजू द्यायचा, दहाव्यांदा उचलायचा, असं त्यानं ठरवलं. अकराला एकदा वाजला. रिचार्ज संपत आलंय, असं एक बाई फार गोड आवाजात सांगत होती.

बाराच्या सुमाराला पाचट वाजलं. आले! आश्रुबानं टोपी सारखी केली, तोंडावर रुसवा आणला आणि पाठ फिरवून बसला. एवढ्या लवकर मानायचं नाही. मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर तोंड घासलं.

शेळ्या होत्या. सुगंधाबाईनं कापसाला जाताना त्या मोकळ्या सोडल्या होत्या. आश्रुबाशिवाय दिवस काढायची त्यांना सवय नव्हती. त्याच्या मागावर सगळं खांड आलं, त्याच्याभोवती गोळा झालं आणि शांतपणे येडबाचा ऊस खायला लागलं.

मागोमाग काठी घेऊन येडबा आला.

"कोण हाय रं? ऑं, मेंबर? तू कवापून ऊस चोरायलास?"

"चोरायलो न्हाई. लपलोय."

"कुणापसून?"

आश्रुबानं मोबाईल काढून बघितला.

"तुला कुणी हुडकायलंय का?"

"आजून न्हाई."

येडबानं काठी खाली टेकवली. "आरं, तिकडं गुलाल उधळून झाला कवाच. ऊठ, अन् तुझी ही पलटण घिऊन जा."

आश्रुबा उठला तो पळतच सुटला. मागं शेळ्या. ग्रामपंचायतीसमोर माणसं लालेलाल झाली होती. मधोमध अमृत, गळ्यात हार, डोळ्यांवर अजून तोच चष्मा.

"या, या!" व्यंकटरावानं हाक दिली. "बिनविरोध झालं बघा! समोरच्यालाबी राजी केलं. अमृतलाच उपसरपंच केलं, म्हंजे सगळ्याचीच कटकट गेली. अर्जच एक आला, मतदान कशाला लागतंय?"

"मंग माझं मत?"

"तुमचं तर धरलंच व्हतं की! अर्जावर सूचक मनून सही कुणाची हाय? तुमचीच."

अमृत वाकून पाया पडला. "तुमच्यामुळंच झालं, काका." चष्मा आश्रुबाच्या पायावर पडला. आश्रुबानं तो उचलला, धोतरानं पुसला आणि परत दिला. हात असा सवयीनंच चालला.

मग सगळी वरात मटणाच्या पंगतीला गेली. गाडीत पुन्हा जागा नव्हती.

आत ग्रामसेविका अपेक्षा मॅडम एकट्या रजिस्टर आवरत होत्या. आश्रुबा उंबऱ्यात उभा राहिला.

"मॅडम, हात वर केला तर मोजताव का?"

"काका, सभा संपली. आता लिहिता येणार नाही."

"लिव्हू नका. नुस्तं मोजा."

त्यानं उजवा हात वर केला. सदऱ्याची बाही घसरली. मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पात्यांनी ओरखडे काढले होते.

"बाजूनं का विरोधात?" मॅडमनी सवयीनं विचारलं.

सकाळपासून उसात बसून आश्रुबानं सगळा विचार केला होता, एवढा एक सोडून.

"ते ऱ्हाऊ द्या."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्याच्याकडं नीट पाहिलं.

"एक," त्या म्हणाल्या.

आश्रुबानं हात खाली घेतला, मान हलवली आणि बाहेर आला. पायरीपाशी शेळ्या गुलालानं माखलेले हार चघळत होत्या. तो बोट लावून मोजायला लागला. पुन्हा मोजल्या. सव्वीसच. भुरी नव्हती. कधी कुणाच्या वावरात तोंड न घालणारी, कधी हाक मारायला न लावणारी.

"मॅडम, ह्यांच्यावर जरा नजर ठिवा."

"सगळ्या तर आहेत की, काका. कुठं निघालात?"

"एक ऱ्हायलीय," आश्रुबा म्हणाला, आणि पुन्हा उसाकडं चालायला लागला, लांबूनच हाका मारत.