पलीकडचं बी

माझा नवरा म्हणतो, दूध उतू गेलं तरी मी आधी दुधावर संशय घेते. घेते. बियाणं-भांडार सांभाळते मी. भोळेपणाचा पगार मला कुणी देत नाही.

पाच कोरड्या मुलखांनी मिळून करार केला तेव्हाच मला वाटलं होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. करार तसा साधा होता. वाळू पाचही मुलखांवर सरकतेय, तर वाळू धरून ठेवणाऱ्या गवताचं आपापलं बी प्रत्येकानं दुसऱ्याला द्यायचं. फुकटचं ते पौष्टिक, असं आमच्या कचेरीत सगळे म्हणाले. मी म्हटलं, फुकट कुणी चांगलं देत नाही.

पण मला त्या बियाची गरज होती. माझ्या थोरल्या बहिणीचं घर वाळूच्या उताराखाली आहे. गेल्या वर्षी ताईनं विहिरीतून चाळीस घमेली वाळू उपसली. यंदा विहिरीचा अर्धा काठ बुजला. आमचं गवत त्या उतारावर दोनदा जळून गेलं होतं. आणखी एक वर्ष असं गेलं तर तिला घर सोडावं लागणार होतं.

टेकडीपलीकडच्या मुलखातून पोतं आलं. सोबत चिठ्ठी: ‘बी ताजं आहे. सहा महिने कोरडं ठेवून मग पेरा.’ वा! करारात तक्रारीची मुदतही नेमकी सहा महिन्यांची. मी त्याच दिवशी शंभर दाणे बशीत ओल्या टिपकागदावर मांडले. आठ दिवसांनी मोजले तर तीन उगवले होते.

साहेबांना बशी दाखवली. ते म्हणाले, जशास तसं. त्यांना आमच्याकडून पोतं जायचंच होतं. मी मागच्या फळीवरचं चार वर्षांचं जुनं बी भरलं, वर दोन बोटं नव्याचा थर दिला, चिठ्ठीवर ‘उगवण ऐंशी टक्के’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

सात महिन्यांनी जागा करायची म्हणून त्यांचं पोतं फेकायला काढलं. फेकण्याआधी, सवयीनं, पुन्हा शंभर दाणे टाकले. एक्याण्णव उगवले. ताजं बी झोपलेलं होतं आणि आता जागं झालं होतं. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मला आधी आनंद झाला, तो ताईसाठी. लाज जरा उशिरा वाटली. पावसाळा सुरू होऊन एक सर येऊन गेली होती आणि दुसरीचे ढग जमत होते. मी ताईला निरोप धाडला, सोमवारी पिशवी घेऊन ये.

सोमवारी ताईच्या आधी पलीकडची बियाणेवाली आली. दोन बस बदलून, धुळीनं माखलेली, हातात गाठोडं. भांडायला आलीय, हे मी तिच्या चालण्यावरूनच ओळखलं. पोत्यात वाटेत ओल गेली असेल, तुम्ही खोल पेरलं असेल, अशी उत्तरं मनात रचून ठेवली. तिनं पाणी मागितलं, प्याली आणि टेबलावर गाठोडं सोडलं. आत माती होती.

“पहिल्या सरीला तुमचं बी पेरलं,” ती म्हणाली. “अख्खा उतार पेरला. बोटांवर मोजण्याइतकंच उगवलं. आमच्या मातीतच काही खोट असणार. तुमच्याकडे तपासून मिळेल का?”

“बी तपासलं नव्हतंत?”

“तुम्ही तपासलं होतं की. खाली सही होती.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते किती लख्ख असतं हे मला तेव्हा कळलं. माती ठेवून जा, आठ दिवसांनी कळवते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं, “माती चांगली आहे. बी जुनं होतं. वर नवं, खाली जुनं. मीच भरलं.”

टेबलावर सांडलेली माती तिनं तळहातानं गोळा केली आणि गाठोडं बांधलं.

“आमचं पेरलंत?”

“नाही.”

“मग परत द्या. अजून एक सर यायचीय.”

फेकून दिलं, हे वाक्य जिभेवर तयार होतं. मी आत गेले आणि पोतं ओढत बाहेर आणलं. तेवढ्यात ताई दारात आली. काखेत घडी घातलेली पिशवी होती.

“हेच ना गं ते?” तिनं विचारलं.

“हे यांचं आहे, ताई. यांना जाऊ दे.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे, आणि दारातून बाजूला झाली.

पलीकडचीनं पोतं लगेच उचललं नाही. तिनं त्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातलं मूठभर बी काढलं आणि खिडकीशी नेऊन दाणा दाणा निरखला. तिचंच बी होतं ते.