बाथरूमची कडी

"या घरात माणसाला दोन मिनिटं सुखानं आंघोळ करता येईल तर शपथ!" बाथरूममधून आत्या करवादली. "सारखं आपलं खाकरत राहायचं. घसा बसला माझा!"

दाराची कडी गेल्यापासून जो तो आत शिरला की आपण आत आहोत हे जगाला कळवत असे. आत्या खाकरायची, बाबा शिट्टी वाजवायचे, आई सतराचा पाढा म्हणायची आणि दर वेळी त्याच जागी अडखळायची.

कडी काढली होती ताईनं, सगळे बाहेर गेलेले बघून. तिचं कामच तसलं. नशेची मात्रा जास्त होऊन माणसं दगावतात, ती कशी वाचवता येतील, हे शोधणाऱ्यांपैकी ती एक. गेलेल्यांच्या घरी जाऊन ती हलक्या आवाजात विचारायची, कुठे सापडला, दार कुणी उघडलं? पुष्कळ घरांत तेच ऐकायला मिळे. आतून कडी होती. आम्ही इथंच तर बसलो होतो, पलीकडच्या खोलीत. त्यातले कित्येक तर नशा सोडून परत आलेले. शरीराची सवय मोडलेली, हात मात्र जुन्याच मापानं घेणारा.

परक्या घरांत ती हे सगळं समजावून सांगे. स्वतःचा धाकटा भाऊ उपचार घेऊन घरी आला, तेव्हा मात्र तिची बोबडी वळली. "गंजली होती कडी," एवढंच म्हणाली. कुणी खोदून विचारलं नाही. उत्तर कुणालाच नको होतं.

धाकटा काही खाकरायचा नाही की गायचा नाही. तो आत गेला की घरादाराला बाथरूमपाशीच कामं निघत. टॉवेल त्याच्या खांद्यावर असताना आई टॉवेल द्यायला जायची. बाबांना नेमका तेव्हाच दाढीचा ब्रश हवा असायचा. नळ थांबला की ताईचा घास हातात राहायचा.

शेवटी आत्यानं परस्पर सुताराला बोलावलं. घरातलं सगळं लाकूडकाम त्याच्याच हातचं.

"गंज कुठाय?" तो चौकटीवर बोट फिरवत म्हणाला. "स्क्रू तर कुणीतरी जपून काढलेत."

"दार फुगतं हो," बाबा म्हणाले.

"आईला चक्कर येते, म्हणून," त्याच वेळी ताई म्हणाली.

"मला? मला कधी आली चक्कर?" आई उसळली. मग ताईचा चेहरा बघून तिनं घाईघाईनं कपाळाला हात लावला. "येते बाई. मधूनमधून."

"काल तर स्टुलावर चढून पंखा पुसत होतीस," आत्या म्हणाली.

सुतारानं एकेकाकडे पाहिलं. "मग काय करू, वहिनी? बसवू की नको?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या धाकट्यानं हातातला सदरा खाली ठेवला.

"नका बसवू, काका. आई ठणठणीत आहे," तो म्हणाला. "कडी माझ्यासाठी काढलीय. आणि बरोबर केलंस, ताई. मला अजून रोज घ्यावंसं वाटतं."