मागच्या खोलीतला आवाज

बाईंनी बटण दाबलं आणि पडद्यावरची कारकून बोलता बोलता तशीच थांबली.

"आता सांगा," प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तिचे साहेब असता तर काय केलं असतं?"

दर शुक्रवारी दुपारी आमच्या इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये हा कार्यक्रम असायचा. वंश, रंग, कामाच्या जागी सगळ्यांना सामावून घेणं, असल्या विषयांवरचे चित्रपट. बाई ऐन मोक्याला चित्रपट थांबवायच्या आणि पुढे काय व्हायला हवं ते आम्ही बोलायचं. लोक दूरच्या देशातले, अन्याय दूरचा, त्यामुळे सगळ्यांना भरभरून बोलता यायचं. आजच्या चित्रपटातली कारकून काळी होती, मागे बसून फोन घ्यायची आणि पुढच्या टेबलावर जागा मागत होती.

आमचे व्यवस्थापक साहेब उठले. "ताबडतोब पुढे बसवायचं तिला. रंग बघून माणूस मागे ठेवायचा म्हणजे काय? लाज वाटली पाहिजे."

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची मात्र लाही लाही झाली. मी इथली फोन ऑपरेटर. जिन्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसते. पुढच्या काउंटरसाठी याच साहेबांच्या किती विनवण्या केल्या होत्या. माझ्यानंतर आलेल्या दोन गोऱ्या पोरी तिथे गेल्या, त्यांना काम शिकवलं मीच. मला सगळे कोकिळा म्हणतात. कौतुकाने म्हणतात म्हणे. मागच्या महिन्यात लेक शाळेतून थेट इथे आली, तर काउंटरवर बदलीला आलेल्या पोरीला मी कुठे बसते तेच माहीत नव्हतं.

"आई, तू तिथे लपून का बसतेस?" तिने घरी विचारलं होतं. ते काही केल्या मनातून जात नव्हतं.

मी उभी राहिले.

"साहेब, मग सोमवारपासून मी पुढे बसू का?"

साहेब हसले.

"अहो, तुमची गोष्ट वेगळी. तुमचा आवाज इतका गोड, तो फोनवरच शोभतो."

बाईंनी बटण दाबलं. पडद्यावरचा साहेब खुर्चीत रेलला, हसला आणि म्हणाला, "तुमची गोष्ट वेगळी आहे. इतका गोड आवाज फोनवरच हवा."

आधी वॉर्डातली मावशी फिसकन हसली, मग अख्खं कॅन्टीन. आमच्या साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मी हसले नाही आणि बसलेही नाही.

"मी उत्तराची वाट बघतेय, साहेब."

त्यांनी रुमालाने मान पुसली. "बसा सोमवारपासून."

खरं सांगते, मला तिथेच नाचावंसं वाटलं. बाहेर पडताना मावशीने पाठीत धपाटा घातला. "जिंकलीस गं कोकिळे."

"मावशी, आता मला नावाने हाक मारा."

"मारते बाई. तुझा काय भरवसा, माझ्यावरही पिक्चर लावशील."

सोमवारी काउंटरसमोर ही रांग. एक आजोबा माझं बोलणं ऐकून चमकले. "म्हणजे फोनवर तुम्हीच असता होय," म्हणाले आणि काठी टेकत पुढे गेले. त्यांच्यामागे पाठीला दप्तर लावून माझी लेक उभी होती. शिस्तीत, रांगेत.

"काय होतंय तुला?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही. बघायला आले," ती म्हणाली. "दारातूनच दिसतेस."

आणि ती निघूनही गेली. पुढच्या माणसाला बोलवायचं होतं, पण माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी त्याला हातानेच पुढे बोलावलं.